अकरा वीसचं उड्डाण

१

रक्ताची पेटी इस्पितळाच्या दारात आली तेव्हा दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. जिच्यासाठी ती आली होती, ती पोर एक अठ्ठावन्नला गेली होती.

आठ मिनिटं. तेवढ्या वेळात शिंपी एका सदऱ्याची बटणं लावतो. पोरीचा बाप शिंपीच होता.

तिचं रक्त लाखांत एखाद्याचं असतं त्या गटाचं. पोटात गाठ होती आणि ती उद्यापर्यंत थांबायला तयार नव्हती. इस्पितळात तसल्या रक्ताच्या दोनच पिशव्या. आणखी चार पिशव्या सातशे सत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरातून छोट्या मालवाहू विमानानं यायच्या होत्या. विमान आलं, पेटीही आली. बर्फ वितळला नव्हता, पिशव्या गार होत्या. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त ती नव्हती.

बेचाळीस दिवस बाप गप्प राहिला. सकाळी दुकान उघडायचा, मशीनवरचं फडकं काढायचा नाही, संध्याकाळी दुकान बंद करायचा. त्रेचाळिसाव्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या लांबट वहीतलं एक पान काढलं आणि हवाई खात्याला पाठवलं. वर छाती-कंबर-बाही असे छापील रकाने होते आणि खाली त्याचं अक्षर:

‘विमानाचा रस्ता एक तास पन्नास मिनिटांचा, असं मला सांगितलं. अकरा वीसला विमान हवेत गेलं, असं इस्पितळाच्या फळ्यावर लिहिलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. म्हणजे ते एक दहाला उतरायला हवं. उतरलं एक शेहेचाळीसला. मधली छत्तीस मिनिटं कुठे गेली? मी शिंपी आहे. माप चुकलं तर कुठे चुकलं ते मला कळावं लागतं.’

२

खात्यानं हा कागद ज्या बाईकडे दिला तिला मागे सगळे मोजणीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. वीस वर्षं ती हवामान कचेरीत वारे मोजायची. आता मेलेल्यांच्या वेळा मोजायची. उंच, सावळी, केस आखूड, पर्समध्ये पट्टी, पेन्सिल आणि दोन चष्मे.

त्या दिवशीचं विमान एकट्या कॅप्टननं नेलं होतं. त्याच्यावर ठपका जवळजवळ बसलाच होता. सोमवारी बाईंनी अहवाल द्यायचा होता. त्यात एक ओळ वाकडी पडली की कॅप्टनचा परवाना जाणार होता, आणि परवान्यामागोमाग पोलीस येणार होते. आज गुरुवार होता.

विमान जिथून निघालं होतं ती धावपट्टी त्या दुसऱ्या शहराबाहेर उघड्या माळावर होती. टॉवर नाही, रडार नाही. एक पत्र्याची मोठी शेड, तिला टेकून दोन खोल्यांची कचेरी आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी बोंगा. पलीकडे डोंगर. डोंगर ओलांडल्यावर विमान दूरच्या नियंत्रण केंद्राच्या कानावर यायचं. पण तिथल्या आवाजाच्या फिती तीस दिवसांनी पुसतात, आणि शिंप्याचं पत्र आलं त्रेचाळिसाव्या दिवशी.

कॅप्टन शेडमध्ये विमानाच्या पंखाखाली लाकडी खोक्यावर बसला होता. त्याला उडायची बंदी होती, यायची नव्हती. चाळिशीचा माणूस, पण गेल्या दोन महिन्यांत कुणीतरी आतून रंधा मारावा तसा सोलून निघालेला. बाईंनी विचारलं तेवढ्याचं त्यानं उत्तर दिलं. अकरा दहाला चाकं हलली. अकरा वीसला हवेत. समोरून वारा होता, फार वारा, म्हणून वेळ लागला.

“वाटेत कुठे वळलात? उतरलात?”

“नाही.”

“मग तुमचं पत्रक दाखवा.”

प्रत्येक फेरीला वैमानिक आपल्या हातानं एक पत्रक भरतो. चाक कधी हललं, जमीन कधी सुटली, जमीन कधी लागली, चाक कधी थांबलं, एवढंच. मूळ पान, खाली कार्बनची प्रत, दोन्ही एकाच पुस्तकात. कॅप्टननं पुस्तक पुढे केलं. त्या तारखेचं पान नव्हतं. प्रतही नव्हती. फाडलेलं दिसू नये इतक्या हलक्या हातानं, पट्टी लावून पात्यानं कापून काढलेलं होतं.

पुस्तकाच्या कपाटाला किल्ल्या तीन. एक कॅप्टनकडे, एक मिस्त्रीकडे, एक मॅनेजरसाहेबांकडे.

“कुणी कापलं?” बाईंनी विचारलं.

कॅप्टननं पुस्तक परत घेऊन मिटलं, वर पंखाच्या खालच्या बाजूकडे पाहिलं. मग म्हणाला, “ज्याला गरज होती त्यानं.”

३

कचेरीच्या पहिल्या खोलीत नोंदीचं टेबल होतं. टेबलामागे एक पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, पांढऱ्या सुती साडीतली, चष्म्याची दोरी मानेत. तिला सगळे वहिनी म्हणत. साहेब म्हणत, मिस्त्री म्हणत, पाणी भरणारा म्हणे. अशा ठिकाणी कुणी ना कुणी वहिनी किंवा मावशी असतेच, म्हणून मोजणीबाईंनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की कोपऱ्यातल्या तिपाईवर जेवणाचे दोन डबे होते, दोन्हींवर एकाच लोकरीची निळी विणलेली टोपी.

वहिनींनी नोंदवही न मागता उघडून दिली. चाकं हलली, अकरा दहा. जमीन सुटली, अकरा वीस. अकरा पंचवीसला इस्पितळात फोन करून त्यांनीच कळवलं होतं. अक्षर सुबक, ओळीत लावलेल्या रोपांसारखं.

त्या दिवसाचं त्यांना सगळं आठवत होतं. सकाळपासून वीज नव्हती, खिडकीखाली जनरेटर धडधडत होता, कानाला हात लावून फोन करावा लागला. ती मुलगी गेल्याचं चौथ्या दिवशी कळलं. “त्या दिवसापासून रक्ताची पेटी म्हटलं की हात थांबतो,” त्या म्हणाल्या. “वाऱ्यापुढे कुणाचं काही चालतं का, बाई? कॅप्टननं काही मुद्दाम केलं नसणार. तो माणूस वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा आहे.”

त्यांचे डोळे भरले नाहीत. पण बोलताना त्या टेबलावरची टाचणी उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवत होत्या.

आतल्या खोलीत मॅनेजरसाहेब. त्यांच्या पाठीमागे मोठा फळा: ‘सलग २११ दिवस वेळेवर’. आकडा रोज पुसून रोज नवा लिहिला जायचा. खडूची धूळ त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर साचली होती. साहेबांना कॅप्टनबद्दल बोलायला उत्साह होता. माणूस घुमा आहे, स्वतःला शहाणा समजतो, नियमांचं वावडं. वाटेत कुठे भिरभिरत बसला असेल तर आम्ही खालून काय बघणार? इथून तर ठरल्या मिनिटाला दार लागलं, चाक हललं. फळा साक्षीला आहे.

“त्या दिवशी पट्टीवर काही काम चालू होतं?” बाईंनी सहज विचारलं. येताना पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला त्यांना डांबराचं एक काळंभोर, नवं ठिगळ दिसलं होतं.

साहेबांच्या हातातला खडू मोडला. “त्या दिवशी? छे. माणसंच आली नव्हती.”

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. हे साहेब खोटं बोलताहेत, एवढं कळायला लिहावं लागत नव्हतं. कळत नव्हतं ते हे, की खोटं बोलणारा हा एकटाच आहे का.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीबाई पट्टीच्या कडेच्या दगडावर बसल्या आणि वाऱ्याचा हिशेब मांडला.

विमान ताशी चारशे वीसनं जातं. सातशे सत्तर किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. तोच रस्ता दोन तास सव्वीस मिनिटांचा व्हायचा, तर समोरून ताशी शंभरचा वारा छातीवर यायला हवा. असा वारा असतो. वर, ढगांच्या अंगणात, त्यांनी त्याहून दांडगे वारे मोजलेले होते. पण असा वारा घटकाभरात उठून बसत नाही. तो वाहायला लागला की दिवसभर वाहतो. जाताना जो छातीवर आदळतो तोच येताना पाठीवर हात ठेवून ढकलत आणतो.

आणि विमान त्याच दुपारी रिकामं परत आलं होतं.

इस्पितळाच्या शहरातल्या टॉवरची नोंद होती: निघालं तीन पाच. इथे उतरलं चार चोपन्न. शंभरचा वारा पाठीशी असता तर दीड तासाच्या आत घरी यायला हवं होतं. लागले एक तास एकोणपन्नास.

म्हणजे जातानाही वारा नव्हता, येतानाही नव्हता. कॅप्टन खोटं बोलत होता. साहेबांचं खोटं कळण्यासारखं होतं. हे खोटं मात्र विचित्र होतं. एवढं कच्चं खोटं वीस वर्षं उडणारा माणूस बोलतो कसा? ज्याला परतीचा प्रवासही आठवत नाही असा वैमानिक नसतो.

बाई मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्री म्हणजे विमानाची देखभाल करणारा. साठीचा, तेलानं काळवंडलेला, तोंडात कायम लवंग. विमान वाटेत दुसरीकडे कुठे उतरलं होतं का, हे इंजिन सांगू शकेल का, असं त्यांनी विचारलं.

“इंजिन खोटं बोलत नाही, बाई,” मिस्त्री म्हणाला. “बोलायला लागलं की आम्ही त्याला उघडतो.”

विमानात दोन बारकी घड्याळं असतात, हे त्यानं दाखवलं. एक इंजिन सुरू झालं की चालतं. दुसरं चाकांवरचा भार गेला की, म्हणजे विमान जमिनीवरून उठलं की चालायला लागतं आणि टेकलं की थांबतं. घड्याळं प्रत्येक उड्डाणाचा आकडा वेगळा जपतात, आणि विमान परतलं की मिस्त्री जातानाचे नि येतानाचे दोन्ही आकडे आपल्या चिकट वहीत उतरवून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्या उस्तादाची पद्धत होती. बाईंनी ती तारीख काढायला सांगितली.

मिस्त्रीनं लवंग या गालातून त्या गालात केली. पान उलटायला त्यानं नको तितका वेळ घेतला.

रोज दोन घड्याळांत सोळाच्या आसपास मिनिटांचा फरक, कधी पंधरा, कधी अठरा. दहाएक मिनिटं निघताना पट्टीच्या टोकापर्यंत जायला, सहाएक तिकडे उतरल्यावर इंजिन बंद होईपर्यंत. त्या दिवशी जाताना फरक बावन्न.

आणि हवेतलं घड्याळ? एक तास पन्नास. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

विमान वाटेत कुठे थांबलं नव्हतं, वळलं नव्हतं, रेंगाळलं नव्हतं. बाण सुटावा तसं सरळ गेलं होतं. छत्तीस मिनिटं आकाशात हरवलीच नव्हती. शिंप्याच्या पोरीला टेबलावर न्यायची तयारी चालली होती, सर्जन सुरुवातीची वेळ ठरवत होता, आणि या सगळ्यांच्या मते हवेत असलेलं विमान इथेच, या पट्टीवर, इंजिन चालू ठेवून उभं होतं.

५

मग मिस्त्री बोलला. बोलायचं नव्हतं, पण घड्याळाचं पान उघडं पडल्यावर झाकायला काही उरलं नव्हतं.

पट्टी मधोमध उंच आहे, म्हशीच्या पाठीसारखी. कचेरीतून पलीकडचं टोक दिसत नाही. त्या टोकाला डांबराचं काम चालू होतं, कारण विमान दुपारी एकला जायचं होतं. सकाळी इस्पितळातून निरोप आला, साहेबांनी वेळ अकरा दहा केली आणि कामावरच्या माणसांना सांगायला विसरले. ठरल्या मिनिटाला त्यांनी दार लावून घेतलं, विमान चार हात पुढे काढायला लावलं. चाक हललं की वेळ गाठली, फळ्यावरचा आकडा शाबूत. कॅप्टन उंचवटा ओलांडून टोकाला गेला तर समोर रोलर. माणसं हटवायला धावली आणि रोलर बंदच पडला. कॅप्टननं एकाला पळवत शेडकडे धाडलं, मिस्त्री ट्रॅक्टर घेऊन गेला, दोरखंड तुटला, पुन्हा बांधला.

विमान उठलं अकरा छप्पनला. मिस्त्रीनं ट्रॅक्टरवरूनच घड्याळ पाहिलं होतं.

“हे तुम्ही दोन महिने का सांगितलं नाही?”

“कॅप्टननं गळ्याची शपथ घातली. म्हणाला, मिस्त्री, माझं मी बघेन.”

बाई कचेरीत आल्या. वहिनी फोनवर होत्या. बाईंनी नोंदवही आपल्याकडे ओढली आणि मागची पानं चाळली. एक महिना, दुसरा, सहावा. चाकं हलली नऊ पाच, जमीन सुटली नऊ पंधरा. दोन चाळीस, दोन पन्नास. सात तीस, सात चाळीस. पावसाच्या दिवशीही दहा, उन्हातही दहा. अकरा महिन्यांत एकदाही नऊ नाही, एकदाही बारा नाही. खरी विमानं अशी उडत नाहीत. दुसरा रकाना खिडकीतून बघून भरलेला नव्हता. पहिल्यात दहा मिळवून, दोन्ही एका दमात लिहिलेले होते. शाई सुद्धा एकाच वेळी वाळलेली.

तीनशे वेळा त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. टपाल दहा मिनिटं मागेपुढे पोचलं म्हणून कोण मरतं?

त्या एका दिवशी तो आकडा सर्जनकडे गेला. सर्जनचा जबाब बाईंच्या पर्समध्ये होता, त्यातली वाक्यं पाठ झाली होती: ‘दोन पिशव्यांवर किती वेळ निघेल याचा अंदाज होता. एक दहाला विमान उतरणार म्हणून मी सव्वाबाराला सुरुवात केली. ते अजून जमिनीवर आहे हे कळलं असतं तर मी थांबलो असतो. वाचली असती का? शपथेवर नाही सांगू शकत. पण थांबलो असतो.’

आता पान कुणी कापलं, तेवढं उरलं. साहेबांना कारण होतं: त्या पत्रकात अकरा दहा आणि अकरा छप्पन शेजारीशेजारी असणार, आणि मधली शेहेचाळीस मिनिटं पाहून कुणीही रोलरपर्यंत पोचलं असतं. बाईंनी तसं मनात धरूनही पाहिलं. पण ते बसेना. साहेबांनी पान कापलं असतं, तरी कॅप्टनला तोंड होतं. रोलर होता, एवढे दोन शब्द बोलला असता तर सुटला असता. त्याऐवजी तो वारा म्हणाला. जे एकमेव पान त्याला वाचवत होतं ते नाहीसं झालं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळहळ नव्हती.

पान कापल्यानं ज्याचं नुकसान, त्यानंच पान कापलं होतं.

मग तो सावरत कुणाला होता? साहेबांशी त्याचं विळ्याभोपळ्याचं. वाऱ्याच्या त्या खोट्यानं जगात एकच गोष्ट खरी ठरत होती: अकरा वीस.

बाईंनी मान वर केली. तिपाईवर निळ्या टोपीचे दोन डबे होते. त्यांनी बाहेर जाऊन मिस्त्रीला एकच प्रश्न विचारला. मिस्त्रीनं तोंडातली लवंग थुंकून टाकली.

“अहो, ती त्याची सख्खी वहिनी. त्यानं हाक मारली, म्हणून आम्ही सगळे मारायला लागलो.”

६

दुपारी शेडमध्ये पत्रा तापून तडतडत होता. कॅप्टन त्याच खोक्यावर होता. बाई त्याच्यासमोर उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. परतीचा वारा, दोन घड्याळं, रोलर, अकरा महिन्यांची दहा-दहा मिनिटं. तो ऐकत होता. एकदाही त्यानं अडवलं नाही.

शेवटी त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेले दोन कागद काढले. मूळ पान आणि प्रत. घामानं कार्बनची अक्षरं पसरली होती, तरी वाचता येत होती. जमीन सुटली: अकरा छप्पन.

जाळणार होतो, तो म्हणाला. तीनदा काडी ओढली. आपल्या हातची वेळ जाळवेना.

मग तो बोलत राहिला, पंखाकडे बघत. आई लहानपणीच गेली. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या वह्यांना कव्हरं त्यांनी घातली, तापात उशाशी त्या बसल्या. विमान उडवायचं वेड डोक्यात शिरलं तेव्हा दादा ओरडला आणि वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या त्याला, वरून घर कसं दिसतं ते येऊन सांगेल. दादा दीड वर्षापूर्वी गेला. घरात त्या भिंतीशी बोलायला लागल्या, म्हणून त्यानं त्यांना इथे टेबलावर आणून बसवलं.

“वारा म्हणून लिहा, बाई,” तो म्हणाला. “नाहीतर मी वळसा घातला म्हणून लिहा. माझा परवाना जाईल, जाऊ दे. तिला हे कळलं तर ती उठायची नाही.”

“तुम्ही तरी तिला कळवायचं होतं. छत्तीस मिनिटं होती तुमच्यापाशी.”

“दर मिनिटाला वाटायचं, आता हलेल. आता हलेल, आता हलेल. डोळ्यांपुढे फक्त तो रोलर होता. ती मागे काय लिहीत असेल हे वर गेल्यावर सुचलं. डोंगर आडवा आला होता, रेडिओ पोचेना. पलीकडे केंद्र कानावर आलं तोवर साडेबारा वाजले होते, तिकडे सुरी लागलेली.” पत्रा तडतडला. “आणि बाई, ती दहा मिनिटं तिची नव्हेत. पहिल्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून उडायची वाट बघत होती. मीच म्हटलं, वहिनी, रोज कुठे उभं राहायचं उन्हात? इथे दहाच मिनिटं लागतात. मिळवा आणि लिहून मोकळ्या व्हा.”

दारात काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला.

जेवणाची वेळ झाली होती. वहिनी दोन डबे घेऊन आल्या होत्या आणि कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. डबे त्यांनी खाली ठेवले. पडले नाहीत, सांडले नाहीत. त्या जवळ आल्या. इतके दिवस चारचौघांत कॅप्टन म्हणणारी ती बाई आज तसं म्हणाली नाही.

“भाऊजी, किती वाजता उडालं होतं?”

बाईंनी कागद पुढे केला. वहिनींनी चष्मा लावला, दोरी सारखी केली, आणि एखादं लांबचं पत्र वाचावं तसं ते दोन आकडे वाचले. मग त्या वळून कचेरीकडे चालायला लागल्या. कॅप्टन मागे धावला, वहिनी, वहिनी म्हणत. त्या थांबल्या नाहीत.

बाई पोचल्या तेव्हा नोंदवही उघडी होती. अकरा वीसवर त्यांनी काट मारली नव्हती. शेजारी, जागा अपुरी म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं होतं: ‘हे मी न बघता लिहिलं. खरी वेळ अकरा छप्पन.’ आणि खाली सही, पूर्ण नावानिशी.

७

अहवाल सोमवारी गेला. कॅप्टननं वळसा घातला नव्हता, हे त्यात पहिल्याच ओळीत होतं. पुरावा लपवला म्हणून त्याला वर्षभर उडायची बंदी पडली. पोलीस आले नाहीत. साहेबांची बदली झाली, फळा उतरला. त्याच्याखालची भिंत तेवढ्या चौकोनापुरती नव्यासारखी राहिली होती. वहिनींना खुर्ची सोडावी लागली. त्यांनी ती आदल्या शुक्रवारीच सोडली होती.

मंगळवारी मोजणीबाई शिंप्याच्या दुकानात गेल्या. त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ते पाकिटातून पाठवण्यासारखं नव्हतं. पाहतात तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर वहिनी बसलेल्या. सातशे सत्तर किलोमीटर आगगाडीनं आल्या होत्या. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस. कॅप्टन बाहेर रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा होता. आत येऊ नका, असं त्यांनी त्याला बजावलं होतं.

सांगून झालेलं होतं, असं दिसत होतं. शिंपी मशीनच्या पलीकडे बसला होता, गळ्यात मापाची पट्टी, हात मशीनवरच्या फडक्यावर. भिंतीला खुंटीवर एक अर्धवट शिवलेलं पोलकं लटकत होतं, एका बाहीचं.

“काका,” वहिनी म्हणाल्या, “माफ करा म्हणायला मी आले नाही. तुम्ही विचारलं होतं ना, कुठे चुकलं. ते सांगायला आले. माझ्या हातानं चुकलं.”

शिंप्यानं गळ्यातली पट्टी काढली, बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. रस्त्यावरून एक सायकल गेली. मग बोलला तो वहिनींशी नाही, बाईंशीही नाही. त्या एका बाहीच्या पोलक्याशी बोलल्यासारखा.

“तिला आत नेताना फळ्यावर लिहिलं होतं, हवेत. मी तिला म्हटलं, भिऊ नको, निघालंय. मग बाहेरच्या गच्चीवर जाऊन उभा राहिलो.” त्यानं पट्टी मशीनवर ठेवली. “किती वेळ मी आभाळाकडे बघत होतो. आणि ते जमिनीवर होतं.”

थोड्या वेळानं शिंप्यानं उठून माठातलं पाणी काढलं आणि पेला वहिनींच्या समोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. दोन्ही हातांनी धरून मात्र बसल्या. रस्त्यापलीकडे झाडाखाली कॅप्टन उभाच होता. वरून एक विमान गेलं, उंच, आवाज मागून आला. चौघांपैकी कुणीही मान वर केली नाही.